खवल्यांची वीण

क्रोशाचे काम म्हटले की आपल्याकडच्या बहुतेक घरांत आजही सपाट वस्तूच आठवतात. ताटाभोवतीची महिरप, दाराचे तोरण, टीपॉयवरचा गोल रुमाल आणि एके काळी टीव्हीवर हमखास असणारे ते झालरीचे झाकण, या सगळ्यांचे देखणेपण जाळीत असते. दोरा कुठे भरला आहे आणि कुठे मोकळा सोडला आहे, एवढ्यावरच मोर, कमळ किंवा ‘सुस्वागतम्’ ही अक्षरे उमटतात. रुखवतात मांडलेला रुमाल जाणत्या बायका उचलून उजेडासमोर धरत, कारण जाळीतली चूक मांडून ठेवल्यावर लपते आणि उजेडात लगेच कळते. आंध्र प्रदेशातल्या नरसापूरच्या परिसरात मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात रुजवलेल्या आणि बायकांनी घरोघरी टिकवलेल्या क्रोशाच्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या लेसचीही मुख्य ओळख अशीच आहे: सुती दोरा, बारीक सुई आणि हवेशीर जाळी.

मी हे काम आत्याकडे शिकले. तिच्याकडे चाळीस नंबरचा पांढरा दोरा आणि पोलादाची बारीक सुई असे, आणि तिच्या कसोट्या दोनच होत्या. विणलेला तुकडा फरशीवर टाकला की त्याची कड न उचलता तो पसरला पाहिजे, आणि उलटा केला तरी सुलटा वाटला पाहिजे. कड वर वळली तर टाके कमी पडले, कडेला झालर पडली तर जास्त झाले, हा तिचा हिशेब, आणि तो आजही खोटा ठरलेला नाही. रुमाल पुरा झाला की साबुदाण्याच्या पातळ खळीत बुडवायचा, गादीवर टाचण्यांनी ताणून लावायचा आणि वाळला की हलकी इस्त्री फिरवायची, म्हणजे उरलासुरला फुगवटाही दबून जाई. अशा तालमीत तयार झालेल्या हाताला, मुद्दाम फुगवटा आणणाऱ्या विणी शिकणे म्हणजे शिकलेल्या शिस्तीच्या विरुद्ध दिशेने चालणे होते, आणि माझ्या दृष्टीने त्यातली मौजही तीच होती.

आत्याच्या नियमाला अपवाद मात्र एक होता. रुमालाच्या मध्यभागी ती कधी कधी तीन थरांचा गुलाब काढत असे. पहिल्या फेरीच्या पाकळ्या झाल्या की दुसऱ्या फेरीच्या साखळ्यांच्या कमानी त्या पाकळ्यांच्या मागून, खालच्या खांबांच्या, म्हणजे उभ्या उंच टाक्यांच्या, अंगात अडकवून न्यायच्या आणि त्या कमानींवर आणखी मोठ्या पाकळ्या भरायच्या, तिसऱ्या फेरीत पुन्हा तसेच. खळीनंतर या गुलाबाचे काय करायचे हा प्रश्नच असे. इस्त्री त्याला वळसा घालून फिरायची आणि पाकळ्या बोटांनी एकेक करून उचलून ठेवाव्या लागायच्या. हा गुलाब मुळात आयर्लंडचा. तिथे १८४५ पासून बटाट्यावर रोग पडून जो भीषण दुष्काळ आला, त्या काळात कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉक इथल्या अर्सुलाइन जोगिणींनी आणि पुढे मोनाहन परगण्यातल्या क्लोन्स गावात कॅसांड्रा हँड या पाद्र्याच्या पत्नीने गरीब बायकांना मिळकतीचे साधन म्हणून क्रोशाची लेस शिकवण्याचा पुढाकार घेतला. त्या लेसपुढे आदर्श होता व्हेनिसच्या उठावाच्या लेसचा. ती लेस शिवणाच्या सुईने एकेक टाका घालून करत आणि तिला अमाप वेळ लागे. क्रोशाच्या सुईने तसाच उठाव कितीतरी लवकर साधत होता. म्हणजे क्रोशाच्या कामात उठाव ही काही आजच्या इंटरनेटची टूम नाही. आपल्याकडच्या सपाट परंपरेतही तो एका गुलाबापुरता शिरून बसलेला होता, फक्त आम्ही त्याच्याकडे वेगळी वीण म्हणून कधी पाहिले नाही.

उठावाच्या विणींत सगळ्यांत सोपे ते गोळे. त्यांचीही तीन कुळे आहेत आणि लांबून ती सारखीच दिसतात. पफमध्ये एकाच घरातून, म्हणजे खालच्या ओळीच्या एकाच टाक्यातून, दोऱ्याचे लांब लांब फास पुन्हा पुन्हा ओढून सुईवर जमवायचे आणि शेवटी सगळ्यांतून एकदम दोरा काढायचा. त्याचा गोळा मऊ आणि थोडा लोळागोळा होतो. बॉबलमध्ये एकाच घरात पाच खांब घालायचे, पण प्रत्येकाचा शेवटचा फास सुईवर तसाच ठेवून, आणि मग पाचही एकदम मिटवायचे. हा गोळा विणणाऱ्याच्या नजरेआड, पलीकडच्या बाजूला फुगतो, म्हणून तो उलट्या ओळीत घालतात आणि दोन्ही बाजूंना आखूड मुके खांब ठेवून त्याला बाहेर ढकलतात. पॉपकॉर्नमध्ये मात्र पाच खांब पुरे करायचे, सुई फासातून काढून घ्यायची, ती पहिल्या खांबाच्या माथ्यात घालायची आणि मोकळा सोडलेला फास त्यातून ओढून घ्यायचा. पाचही खांब एका झटक्यात दुमडून पुढे येतात. तिघांत मला पॉपकॉर्न आवडतो, कारण त्याची कड स्पष्ट असते आणि धुतल्यावरही तो ढिला पडत नाही. या विणी शिकायला फारसा वेळ लागत नाही. सुई नेहमीप्रमाणे खालच्या ओळीच्या माथ्यातच जाते, फक्त एका घरात नेहमीपेक्षा जास्त गर्दी होते.

खवल्यांच्या विणीचे तसे नाही. क्रोकोडाइल स्टिच या नावाने ती सगळीकडे ओळखली जाते आणि शालींवर, पिशव्यांवर, बाळांच्या बुटांवर तिचे एकावर एक चढलेले खवले पाहिले की ही फार अवघड गोष्ट असणार असे वाटते. मला ती शिकवली माझ्या भाचीने, नाशिकहून, व्हिडिओ कॉलवर. फोन तिने कसल्याशा डब्याला टेकवून ठेवला होता आणि पडद्यावर तिचे फक्त दोन हात दिसत होते. एका अर्थी शिकायला ते सोयीचेच होते.

पाया अगदी ओळखीचा निघाला. आधी साखळी. तिच्यावरच्या पहिल्या ओळीत एकाच घरात दोन खांबांची जोडी, मग दोन साखळ्या, खालची दोन घरे सोडून एक एकटा खांब, पुन्हा दोन साखळ्या, पुन्हा दोन घरे सोडून जोडी, असे ओळभर. म्हणजे दर सहा घरांमागे एक जोडी आणि एक एकटा खांब. ही ओळ पाहून आत्यानेही मान डोलावली असती, कारण ती साधी जाळीच आहे. नवल सुरू होते दुसऱ्या ओळीत. सुईवर दोरा घेऊन मी सवयीने जोडीतल्या पहिल्या खांबाच्या माथ्याकडे गेले, तेव्हा पलीकडून आवाज आला, “डोक्यात नाही मावशी, कमरेत. खांबाच्या मागून सुई घाल आणि दुसऱ्या बाजूने बाहेर काढ.”

त्या खांबाच्या अंगाला वेढून, वरून खाली उतरत, पाच खांब घालायचे. तळाशी पोहोचल्यावर एक साखळी. मग जोडीतल्या दुसऱ्या खांबाला वेढून, आता खालून वर चढत, आणखी पाच. शेवटी पुढच्या एकट्या खांबाच्या माथ्यात सुई घालून दोरा नुसता ओढून घ्यायचा, की खवला तिथे अडकतो आणि आपण पुढच्या जोडीकडे जातो. सांगायला एवढेच आहे, पण हाताला ते पचायला वेळ लागतो. एरवी विणकाम आपल्यासमोर उभे असते आणि ओळ उजवीकडून डावीकडे जाते. इथे उभा खांब आडवा व्हावा म्हणून हातातला सगळा तुकडा फिरवून धरावा लागतो आणि दुसऱ्या खांबासाठी तो पुन्हा उलट फिरवावा लागतो. एका खांबाच्या उंचीवर पाच खांब दाटीने बसवायचे असतात. तिसऱ्यालाच जागा संपल्यासारखी वाटते आणि अंगठ्याने आधीचे खांब माथ्याकडे रेटून धरत उरलेल्या दोघांसाठी जागा करावी लागते. पाया घट्ट विणणाऱ्या बायकांची इथे पंचाईत होते, कारण ताणून बसलेल्या खांबाच्या मागून सुई निघतच नाही. लोकरीवर जी सुई सुचवलेली असते तिच्यापेक्षा अर्ध्या मिलिमीटरने जाड सुई घेतली की हे काम बरेच सुसह्य होते.

पहिला खवला पुरा होतो तेव्हा तो खवला वाटतच नाही. कापडातून वर उठलेली एक ओबडधोबड भिंत तेवढी दिसते. ओळ संपवून तुकडा सुलट करून मांडीवर ठेवला आणि बोटाने ती भिंत खाली दाबली, की तिचे टोकदार पान होते, टोक खाली आणि कमान दोन्ही बाजूंना. तिसऱ्या ओळीत पुन्हा जाळी, पण जागा बदलून: आधी जिथे एकटा खांब होता त्याच्या माथ्यात आता जोडी येते, आणि एकटा खांब येतो तो खवल्याच्या मधोमध, मूळच्या दोन खांबांमधल्या फटीत. त्यामुळे चौथ्या ओळीतले खवले खालच्या दोन खवल्यांच्या सांध्यावर येतात आणि तो सांधा झाकतात.

घोटाळा व्हायचा तो बहुधा शब्दांत होतो. इंटरनेटवरची बरीचशी वर्णने अमेरिकन पद्धतीची असतात आणि त्यांचा डबल क्रोशे म्हणजे आपला खांब; ब्रिटिश पद्धतीत त्याच खांबाला ट्रेबल म्हणतात आणि त्यांचा डबल म्हणजे आपला मुका खांब. जिने जुन्या ब्रिटिश पुस्तकांवरून काम शिकले आहे तिने अमेरिकन सूचना वाचून डबल घातले, तर तिच्या जाळीत उंची येणार नाही आणि खवला बसवायला खांबाला अंगच उरणार नाही. चिन्हांचे आलेखही इथे थोडे कमी पडतात. सपाट रुमालाचा आलेख म्हणजे रुमालाचा नकाशाच असतो, जे चिन्ह जिथे तिथेच तो टाका; खवल्यांच्या आलेखात मात्र खांबाच्या चिन्हावरच आडवी चिन्हे चढवलेली दिसतात आणि ती नेमकी कशाला वेढून घ्यायची आहेत हे आधी एकदा हाताने केल्याशिवाय लक्षात येत नाही. भाचीला मात्र आलेखांची भाषा येतच नाही. ती पाहून शिकली, पाहूनच शिकवते आणि अडले की व्हिडिओ मागे नेते.

मला या विणीचे मर्म कळले ते तुकडा उलटा करून पाहिला तेव्हा. सुलट बाजूला इतका डामडौल, आणि उलट बाजूला काय, तर तीच जाळी: जोडी, दोन साखळ्या, एकटा खांब, दोन साखळ्या. खवल्यांचा मागमूस फक्त खांबांच्या जाडीत. लहानपणापासून जी जाळी मी शेवटची गोष्ट म्हणून विणत आले, जी उजेडात धरून दाखवायची होती, ती इथे केवळ टेकू म्हणून विणायची आणि लगेच झाकून टाकायची. सपाट कामात प्रत्येक ओळ दिसण्यासाठी असते आणि पुढची ओळ तिच्या माथ्यावर उभी राहते; इथे एक ओळ आधारासाठी आणि एक दिसण्यासाठी, असे आलटून पालटून चालते. गोळ्यांच्या विणी शिकताना हे जाणवले नव्हते. आणि हे लक्षात आल्यावर आत्याचा गुलाबही नव्याने समजला, कारण पाकळ्यांच्या मागून जाणाऱ्या त्या कमानी याच जातीच्या होत्या. दिसण्यासाठी नसलेले ते काम आत्या त्याच निगुतीने करत असे, पण त्याचे वेगळे नाव तिने कधी घेतले नाही.

खवल्यांचे टोक कुठे वळणार हे विणायला बसण्याआधीच ठरवावे लागते. कौलारू छपरावर कौले वळचणीपासून आढ्याकडे चढवत नेतात आणि वरची रांग खालच्या रांगेवर थोडी चढते, तसेच हे काम चालते: सुरुवातीच्या साखळीकडे खवल्यांची टोके आणि वरच्या ओळीची टोके खालच्या ओळीवर. त्यामुळे शाल मानेपासून खाली विणत आणली तर अंगावर घेतल्यावर सगळे खवले वर तोंड करून उभे राहतील आणि ते कुणालाही बरे दिसणार नाही. त्रिकोणी शाल म्हणूनच पाठीवर लोंबणाऱ्या टोकापासून सुरू करतात आणि वाढवत वाढवत खांद्यांपर्यंत आणतात. वर पोहोचल्यावर शेवटच्या ओळीची कड करवतीसारखी खालीवर असते. ती साखळ्या आणि मुक्या खांबांच्या एका ओळीने सरळ करून घ्यावी लागते, नाही तर शाल खांद्यावर नीट बसत नाही.

खर्चाचे गणित आधी मांडले तर पुष्कळ हौशी बायका या वाटेला जाणार नाहीत. साध्या खांबांच्या ओळीत सहा घरांवर सहा खांब येतात. खवल्यांच्या विणीत तेवढ्याच रुंदीवर जाळीचे तीन आणि खवल्याचे दहा, असे तेरा खांब पडतात, शिवाय साखळ्या वेगळ्या. आणि खवल्यांची ओळ खाली झुकत असल्यामुळे कापडाची उंची वाढते ती बहुतेक जाळीच्या ओळीनेच. म्हणजे तेवढ्याच कापडाला दुपटीहून जास्त लोकर. दुकानात जाऊन लडी मोजून घ्यायच्या तर सगळ्या एकाच वेळी, एकाच रंगाच्या लॉटच्या घ्याव्यात, कारण महिन्याभराने तोच नंबर मागितला तरी छटा थोडी हलते आणि खवल्यांवर ती लगेच दिसते. तुळशीबागेतल्या दुकानदारांनाही हे ठाऊक असते. “क्रोकोडाइल करताय का? मग आणखी दोन लडी घ्या,” असे त्यांनी सांगितले तर तो विक्रीचा डाव समजू नये.

लोकर जितकी गुळगुळीत आणि एकरंगी तितका खवला उठून दिसतो. केसाळ लोकरीत त्याची कड हरवते. थोड्या थोड्या अंतरावर रंग बदलणारी बहुरंगी लोकर तर या विणीची शत्रूच आहे, कारण एका खवल्यातच तीन रंग येतात आणि आकार विस्कटतो. मात्र ज्या लोकरीत रंग हळूहळू, बऱ्याच लांबीनंतर बदलतो तिच्यात ओळीगणिक छटा उतरत जाते आणि ते खरोखरच देखणे दिसते. धुणे आणि वाळवणे याबाबतीत आत्याच्या पद्धतीतले काहीच इथे चालत नाही. खळ नाही, ताणून टाचणे नाही. ऍक्रिलिक लोकरीवर गरम इस्त्री लागली की तिचा उसळेपणा कायमचा जातो आणि ती लुळी पडते, म्हणून पाण्यातून काढल्यावर टॉवेलात गुंडाळून पाणी टिपून घ्यायचे, आडवे पसरायचे आणि ओले असतानाच प्रत्येक खवला बोटाने आकारात आणायचा. वेळखाऊ काम आहे, पण मला ते आवडते.

आता माझे मत सांगायचे तर संपूर्ण शाल या विणीची करावी असे मला वाटत नाही. समाजमाध्यमांवर अशा शालींचे फोटो फार छान येतात, पण त्या खांद्यावर घेतल्या की जड होतात, खवले बांगड्यांत आणि पर्सच्या चेनमध्ये अडकतात, आणि पुण्याची थंडी एवढ्या वजनाची नसते. मुंबईचे तर बोलायलाच नको. विकण्याच्या दृष्टीने पाहिले तर आणखी अवघड, कारण क्रोशाचे खरे काम आजही हातानेच होते, त्यातही खवल्यांना साध्या विणीच्या कितीतरी पट वेळ लागतो, आणि तो वेळ किमतीत धरला तर गिऱ्हाईक मागे सरते. शालीच्या खालच्या काठाला दोन-तीन ओळी, पिशवीचा तळाकडचा भाग, उशीच्या अभ्र्याचा एक पट्टा, एवढ्यावर ही वीण सर्वांत शोभते. बाकी अंग साध्या खांबांचे ठेवले म्हणजे नजरेला विसावा मिळतो आणि उठाव उठाव म्हणून दिसतो. पिशवीला मात्र आतून अस्तर हवेच. उलट बाजूला शेवटी जाळीच आहे आणि किल्ल्या, पेन्सिली तिच्यातून डोके बाहेर काढतात.

सध्या सुईवर आहेत ते बाळाचे बूट, भाचीच्या मैत्रिणीसाठी. तळवा आणि पाऊल मुक्या खांबांचे, आणि घोट्यापासून वर खवल्यांच्या तीन ओळी. विणकाम तळव्यापासून वर चढत असल्यामुळे खवले आपोआप पावलाकडे झुकतात. घोट्याजवळचा भाग गोल न विणता पुढून-मागून विणला की बाजूला उघडी फट राहते आणि तिथे बटणे लावतात. बटणासाठी काजे करावे लागत नाही, हे मला फार सोयीचे वाटले, कारण खवल्याच्या मधोमध, दोन खांबांमध्ये, जी फट असते तिच्यातून बटण नीट जाते आणि खवल्याच्या टोकावर ते शोभूनही दिसते. पण ज्या बाळासाठी हे बूट आहेत ते सध्या हाताला लागेल ते तोंडात घालते, तेव्हा बटणांचा बेत मी रद्द केला आहे. त्याच फटींतून साखळीची नाडी ओवून ती बाहेरच्या बाजूला बांधायची, आणि तिची टोके आखूड ठेवायची.